सुनंदाचा बोलणारा वर्ग

सुनंदा,

तुझ्या दशक्रियेला मला माइकसमोर उभं केलं. माझ्याआधी सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, पंचायत समितीतलं कुणीतरी बोललं. सगळ्यांनी तुला शांत, मितभाषी, सोज्वळ म्हटलं. मी मांडवात बसून ऐकत होते आणि मनात एकच चाललं होतं, हे लोक बोलतायत तरी कुणाबद्दल? शांत? तू? जिचा तास सुरू झाला की बाहेर एसटीची वाट बघत बसलेल्या माणसाला त्रिकोणाचे गुणधर्म पाठ व्हायचे, ती तू शांत?

माझं नाव पुकारलं. "सुनंदा माझी मैत्रीण होती, आम्ही एकाच शाळेत गणित शिकवायचो," एवढं बोलले आणि खाली आले. लोकांना वाटलं, मला रडू आलं. रडू नव्हतं ते, राग होता. तुझ्याबद्दल चुकीचं बोललं जात होतं आणि ते खोडून काढायला नेमकी तूच तिथं नव्हतीस. मांडवात जे बोलायचं राहिलं ते आता तुलाच सांगते. तू मध्ये तोडणार नाहीस, हाच काय तो फरक.

शिरूरहून आपण तुझ्या स्कूटीवर शाळेत जायचो. तू पुढं, मी मागं. हेल्मेट घालूनही तुझं बोलणं थांबायचं नाही. वारा तोंडावर, उसाचे ट्रॅक्टर शेजारून धडधडत जायचे, तरी तुझा शब्द न् शब्द मला ऐकू यायचा. मी कॉम्प्युटरवर आलेख काढायला शिकले तेव्हा तू ह्याच रस्त्यावर माझी खिल्ली उडवली होतीस. संगणक कक्षात ते फुकटातलं आलेखाचं सॉफ्टवेअर मी घातलं, दहावीच्या मुलांसमोर 'वाय बरोबर दोन एक्स' टाइप केलं, भिंतीवर रेषा आली. मग 'वाय बरोबर तीन एक्स' टाइप केलं, दुसरी रेषा आली. तू दारात उभी राहून बघत होतीस.

परत येताना म्हणालीस, "मंगल, तुझं ते यंत्र एक रेघ काढेपर्यंत मी खडूनं चार काढते. आणि माझ्या खडूला लाइट लागत नाही."

"नीटनेटकी तरी येते," मी म्हटलं.

"नीटनेटकी रेघ बघून कुणाला गणित आलंय? सिनेमा आहे तो भिंतीवरचा."

तुझं खरंच होतं. मी आकडे बदलून पुन्हा पुन्हा टाइप करत होते आणि मुलं रेषांचे रंग बघत होती.

मग तुझा घसा बसला. मास्तरणीचा घसा म्हणजे बसणारच, असं सगळेच म्हणाले. खडूची धूळ, पंख्याचा वारा, हळदीचं दूध, ज्येष्ठमध, सगळं झालं. तो काही उठला नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. श्वासासाठी गळ्यात कायमचं छिद्र राहील आणि आवाज जाईल. तू विचारलंस, "जीव राहील ना? मग काढा." तुझे यजमान, दत्ताभाऊ, बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकून उभे राहिले. तू मात्र नर्सला तिच्या मुलाच्या गणिताविषयी विचारत होतीस.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी आले होते. भाऊ रांजणगावच्या कंपनीतून रजा टाकून आलेले, तुझ्यासमोर मोबाइल धरून बसलेले. "काहीतरी बोल," ते म्हणाले. "रेकॉर्ड करून ठेवतो."

तू घोगऱ्या आवाजात त्यांना झापलंस, "काय बोलू? भाषण करू का? ठेव तो फोन खाली, चार्जिंग संपवशील."

तेवढंच रेकॉर्ड झालं. अजून आहे त्यांच्याकडे. मला वाटत होतं, माझ्याशी तरी जाताना काहीतरी बोलशील, इतक्या वर्षांचं काहीतरी. निघताना तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "नववीला बहुपदी घेताना घाई करू नको. तू घाई करतेस." तुझ्या आवाजातलं माझ्या वाट्याला आलेलं शेवटचं वाक्य हे. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता वाटतं, दुसरं काही बोलली असतीस तर ती तू नसतीस.

त्यानंतरचे महिने तू घरात. केंदूरहून तुझे वडील, आबा, येऊन राहिले. तरुणपणी मेंढ्या घेऊन चार-चार महिने रानोमाळ फिरलेला माणूस, शिरूरच्या दोन खोल्यांत तुझ्यासमोर खुर्ची टाकून बसायचा आणि तुझ्याऐवजी सगळ्यांशी बोलायचा. गळ्यावर तू पांढरा रुमाल बांधायचीस. बोलणं म्हणजे मोबाइलवर टाइप करून समोरच्याला दाखवायचं. तुझ्या वेगाला ते कुठलं पुरणार? अर्धं वाक्य टाइप करून चिडायचीस आणि मोबाइल गादीवर फेकायचीस. आबा तो उचलून पुसून परत हातात द्यायचे. "लिव्ह बाई, लिव्ह. घाई कुनाला हाय हितं?"

एकदा दुपारी, शाळेत जेवणाची सुट्टी असताना, तुझा व्हिडिओ कॉल आला. बोलता न येणारी बाई व्हिडिओ कॉल कशाला करेल? डबा तसाच टाकून मी व्हरांड्यात पळाले. बघते तर तू लॅपटॉपकडे कॅमेरा धरलेला. पडद्यावर माझंच ते आलेखाचं सॉफ्टवेअर. तू एक ओळ टाइप केलीस, 'वाय बरोबर', आणि जिथं मी दोन लिहायचे, तीन लिहायचे, तिथं तू आकड्याऐवजी अक्षर टाकलंस. ए. सॉफ्टवेअरनं विचारलं, ए नावाचा स्लायडर हवा का? तू होय केलंस. खाली एक छोटी पट्टी आली, तिच्यावर एक ठिपका. तू बोटानं ठिपका सरकवलास आणि रेषा फिरायला लागली. ए वाढला, रेषा उभी होत गेली. ए कमी झाला, रेषा कलत कलत आडवी झाली. ए शून्याच्या खाली गेला आणि रेषा पलीकडच्या अंगाला उतरली.

मग कॅमेरा स्वतःकडे वळवलास. ऑपरेशननंतर पहिल्यांदा तुझे डोळे तसे दिसले, आठवीच्या पोरांना कोडं घातल्यावर दिसायचे तसे.

मागून आबांचा आवाज आला, "सकाळपासनं ह्येच चाललंय. जेवली बी न्हाई. मंगल, काय हाय गं ह्ये?"

मी सांगितलं, "आबा, त्या अक्षराची किंमत बदलली की रेघ बदलते."

"मंग त्या अक्षराला सोताची किंमतच न्हाई व्हय?"

"आपण देऊ ती त्याची किंमत. म्हणून तर त्याला चल म्हणायचं."

"बरं हाय त्याचं," आबा म्हणाले, आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तुला विचारायला लागले, "आज ए किती?" तू बोटं दाखवायचीस. कधी चार, कधी एक. ऋण असेल तर अंगठा खाली.

मी समजत होते, की तुला वेळ घालवायला काहीतरी सापडलं. तू तर वर्गात परत यायची तयारी करत होतीस.

संस्थेला ते पटणारं नव्हतं. त्यात कुणी दुष्ट नव्हतं. बोलता न येणाऱ्या बाईनं दहावीला गणित कसं शिकवायचं, हा त्यांचा प्रश्न कुणाच्याही मनात आला असता. मुख्याध्यापक भले माणूस, त्यांनी तुझ्यासाठी ग्रंथालयाचं काम काढलं. मीच तुला समजवायला आले. "सुनंदा, आराम कर थोडा. पुस्तकांत राहशील, धूळ नाही, दगदग नाही." तू मोबाइल ओढून घेतलास. मग टाइप केलंस, 'पुस्तकांच्यात धूळ नसते? कवा गेलीस ग्रंथालयात?' आणि त्याखाली, 'मला वर्ग पाहिजे.'

शेवटी ठरलं, शाळा समितीसमोर एक तास घेऊन दाखवायचा. मग ते ठरवतील.

तो तास मी मागच्या बाकावर बसून पाहिला. शेजारी समितीचे अध्यक्ष आप्पा, ऊस आणि कांदा करणारे गावातले वडीलधारे शेतकरी, मांडीवर टोपी ठेवून बसलेले. मुलं घाबरलेली. त्यांच्या मॅडम गळ्याला रुमाल बांधून आल्या होत्या आणि त्यांच्या तोंडून शब्द येत नव्हता. तू फळ्यावर दोनच ओळी लिहिल्यास. 'काय झालं?' आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत, 'का?'

भिंतीवर समीकरण आलं. वाय बरोबर ए एक्स अधिक बी. तू ए सरकवलास आणि फळ्यावरच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलंस. कुणी बोलेना. पुन्हा सरकवलास, पुन्हा बोट. शेवटी मधल्या रांगेतली कोमल पुटपुटली, "फिरली." तू कानामागं हात धरलास. "फिरली मॅडम! रेघ फिरली!" तू बोट दुसऱ्या ओळीवर नेलंस. का? मग मागून कुणी म्हणालं, "ए वाढवला म्हणून." तू मान हलवलीस, अजून, अजून. "एक्स एकानं पुढं गेला की वाय किती चढतो, ते ए सांगतो." हे वाक्य एका मुलानं उच्चारलं, सुनंदा. मी ते गेल्या वर्षी त्याच वर्गाला वहीत उतरवून दिलं होतं, आणि एकाही मुलाच्या तोंडून मला परत ऐकायला मिळालं नव्हतं.

मग तू बी सरकवलास. "वर गेली! खाली आली! पण फिरली न्हाई!" वर्गात कालवा सुरू झाला. कोमल उभी राहिली, "मॅडम, ए खूप मोठा केला तर रेघ उभी होईल ना? एकदम उभी?" पट्टी दहाशी संपत होती. तू सेटिंगमध्ये गेलीस, पट्टीचं शेवटचं टोक हजारावर नेलंस आणि ठिपका तिथवर ओढलास. रेषा दोरीसारखी ताठ उभी. अर्धा वर्ग ओरडला, "झाली!" उरलेला ओरडला, "न्हाई झाली!" तू दोन्हीकडे बघून हसलीस आणि आलेखाचा फक्त आडवा अक्ष ताणत गेलीस. उभी दिसणारी रेषा एवढीशी कललेली निघाली. कोमल कपाळाला हात लावून म्हणाली, "म्हंजी कितीबी वाढवा, उभी होतच न्हाई?" तू बोट नेलंस. का?

आणि लाइट गेली.

पंखे थांबले, भिंत कोरी झाली. मला वाटलं, संपलं. समितीतल्या एकानं घड्याळ बघितलं. मुख्याध्यापक उठू लागले. तू त्यांना हातानं बसा म्हटलंस, वर्गाकडे पाठ केलीस आणि दोन्ही हात आडवे पसरलेस. एक क्षण कुणालाच कळेना. मग उजवा हात हळूहळू वर, डावा खाली. कोमलला आधी कळलं. "आपण रेघ व्हायचं!" सगळ्या वर्गानं हात पसरले. बाकावर एवढी दाटी, कुणाचा हात कुणाच्या नाकावर, कुणाचा वेणीत. तू पाठ करून का उभी राहिलीस ते मला नंतर कळलं. समोरासमोर उभी असतीस तर तुझी रेघ मुलांना उलट्या अंगाला कललेली दिसली असती.

मग तू वळलीस. एक हात टेबलाच्या कडेवरून सरकवायचीस, तो ए. सरकेल तसे सगळ्यांचे हात कलायचे. मधोमध आला की सगळे हात आडवे, शून्य. मुलांच्या डावीकडे गेला की त्यांचा डावा हात वर. दुसरा हात वर-खाली करायचीस, तो बी. बी वर गेला की सगळा वर्ग हात पसरलेल्या अवस्थेत उभा, खाली आला की बसला. तू वेग वाढवलास. मुलं हसत होती, ओरडत होती, "ए ऋण! बी वाढला! ए शून्य, ए शून्य!" शेजारच्या वर्गातले मास्तर खिडकीत येऊन उभे राहिले.

तास संपल्यावर मुख्याध्यापकांनी आप्पांना विचारलं, "काय वाटतं आप्पा?"

आप्पांनी टोपी डोक्यावर ठेवली. "मला गणित कळत न्हाई. पर ह्या पोरांस्नी कळतंय, ह्ये मला कळतंय. बाईला वर्ग द्या."

घरी आल्यावर मी आबांना हे सांगितलं तेव्हा ते तुझ्याकडे बघून म्हणाले, "वर्ग मिळाला, आता तरी जेव."

पुढचं दीड वर्ष माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं, आणि सगळ्यात भांडणाचं. आपण बाजू बदलल्या होत्या. जिनं सॉफ्टवेअर आणलं ती मी आता म्हणायला लागले, की आधी मुलांनी हातानं बिंदू काढले पाहिजेत. एक्स घ्या, वाय काढा, कोष्टक भरा, आलेख कागदावर पेन्सिलीनं बिंदू ठेवा, पट्टीनं जोडा. बोर्डाच्या पेपरात माऊस मिळत नाही. आणि जी खडूवाली होती ती तू टाइप करायचीस, 'कोष्टक नंतर. आधी हालचाल.'

"हालचाल बघून मुलांना वाटतं सगळं आलं. एक बिंदू काढायला सांग, वाय आधी का एक्स आधी, इथंच अडतात."

'अडू दे. मग शिकतील. आधी कोष्टक दिलं तर फक्त कोष्टक शिकतात.'

मी अक्षरांवरूनही भांडले. पुस्तकात एम आणि सी आहे, तू ए आणि बी घेतेस, मुलं गोंधळतील. दुसऱ्या दिवशी तू मुद्दाम के आणि पी घेतलंस. एक मुलगा ओरडला, "मॅडम, ए कुठं गेला?" तू सगळा तास त्याच्यावरच घालवलास. अक्षर कुठलंही घ्या, ते कुठं बसलंय ते बघा. तासानंतर तू माझ्याकडे असं बघितलंस, की मला स्कूटीवर तुझ्या मागं बसायचीही इच्छा राहिली नाही. बसले अर्थात. आता तू बोलत नव्हतीस म्हणून मीच मागून बोलत राहायचे, आणि पटलं नाही की तू हॉर्न वाजवायचीस. रस्त्यावरच्या लोकांना काय वाटत असेल, देव जाणे.

दुखणं परत आलं तेव्हा ते फुप्फुसांत होतं. ते सगळं मी लिहिणार नाही. भाऊंना माहीत आहे, आबांना माहीत आहे, तेवढं पुरे. मला फक्त शेवटच्या भेटीविषयी बोलायचंय, कारण ती भेट मला रोज टोचते आणि रोज उभीही करते.

तू उशीला टेकून बसलेली. हात काडीसारखे. मी शाळेच्या गोष्टी सांगत होते. नवीन दहावी, कोमल आता अकरावीला विज्ञान शाखेत. मग आपल्या नेहमीच्या विषयावर आले आणि तुझ्याकडे बघवेना, म्हणून म्हटलं, "जाऊ दे सुनंदा. तुझंच खरं होतं. आधी स्लायडर, मग कोष्टक."

तू खाडकन मान वर केलीस. एवढा राग मी तुझ्या डोळ्यांत कधी पाहिला नव्हता. मोबाइल मागितलास. एकेक अक्षर शोधत होतीस. भाऊ मदतीला आले तर त्यांचा हात ढकललास. मग स्क्रीन माझ्यासमोर धरलीस.

'खोटं बोलू नको. भांड.'

मी रडले. तू नाही रडलीस. तू वाट बघत बसलीस. आणि मग मी भांडले. डोळे पुसत, नाक ओढत, मी तुला सांगितलं, की तुझ्या वर्गातल्या मुलांचे चाचणीत बिंदू मांडताना अक्ष उलटे झाले होते, की नुसतं बघणं म्हणजे शिकणं नव्हे, की हातानं केलेलं विसरत नाही. तू मान हलवत होतीस, नाही, नाही. मध्येच हवेत रेघ ओढून दाखवत होतीस. नर्सनं आत डोकावून पाहिलं, तिला वाटलं काहीतरी बिनसलंय. काही बिनसलं नव्हतं. सुनंदा, त्या दुपारी आपण चांगलं भांडलो.

तुझे आभार मानायचे राहिले. तू असतीस तर 'कशाबद्दल' असं टाइप केलं असतंस, आणि मला धड सांगता आलं नसतं. मी अनेक वर्षं चांगली शिक्षिका आहे असं समजून शिकवत होते. बोलता न येणारी एक बाई शेजारच्या वर्गात आली आणि मला कळलं, की माझ्या वर्गात फक्त मीच बोलते. ह्याबद्दल, असं समज.

दशक्रियेनंतर मी तुमच्या घरी गेले. आबा तुझ्या खुर्चीसमोर त्यांच्या खुर्चीत बसलेले. मला म्हणाले, "पोरगी ल्हान व्हती तवा लई वरडून बोलायची. मी सारखा म्हनायचो, बाई, हळू बोल, हळू बोल." मी त्यांचा हात धरून बसले.

तुझा वर्ग मला मिळाला. मुख्याध्यापक म्हणाले, वेळापत्रक जड होईल, दुसऱ्या कुणाला देऊ का? मी नको म्हटलं. पहिल्या दिवशी प्रोजेक्टर लावला, समीकरण टाइप केलं, स्लायडर काढला, फळ्यावर तुझ्या त्या दोन ओळी लिहिल्या. ए सरकवला. आणि कुणी बोलायच्या आत मी म्हणाले, "बघा, ए वाढला की रेषेचा चढ वाढतो."

वर्ग गप्प. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदाही. शेवटी एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, तुम्ही आधीच सांगून टाकता. मग आम्ही काय बोलायचं?"

मी घरी येऊन खूप विचार केला. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले, तोंडात लवंग धरली आणि ठरवलं, की लवंग संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. तुला हसू येईल. पण मला सवय मोडायचीच होती. पहिल्या तासाला जीव गेला माझा. मुलांनी चुकीचं सांगितलं, मला जीभ चावावी लागली. एक मुलगा शून्याला ऋण म्हणत राहिला आणि मी गप्प. मग त्याच्या शेजारच्यानंच त्याला फळ्याजवळ नेऊन पटवलं. आता लवंग लागत नाही. अधूनमधून लागते.

आणि तुझं ऐकलेलं नाही, हे सांगून ठेवते. मी आधी कोष्टकच घेते. मुलं हातानं एक रेषा काढतात, पेन्सिलीनं, आलेख कागदावर. मगच पडदा. तीच रेषा, आणि तिच्यातल्या आकड्याच्या जागी अक्षर. तुझ्या वर्गाहून माझा वर्ग एक तास मागं चालतो. चालू दे.

गेल्या आठवड्यात वरवंडला गेले होते. दौंड तालुक्यातल्या गणित शिक्षकांनी तुला बोलावलं होतं, दुखणं परत यायच्या आधीच. तुझ्या जागी मी येऊ का, असं मीच फोन करून विचारलं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी टाळते, हे तुला माहीत आहे, मांडवात तर एका वाक्यात खाली आले. पण तुझ्याबद्दल कुणी पुन्हा शांत आणि मितभाषी म्हणायच्या आत मला तिथं पोचायचं होतं.

हायवेच्या कडेला एका शाळेचा हॉल, बाहेर ट्रकांचा आवाज, पाठीमागच्या रांगेत चहाचे कप. मी माइक घेतला नाही. पडद्यावर समीकरण लावलं, अक्षर टाकलं, स्लायडर आणला आणि सरकवला. शिक्षक मुलांसारखेच, आधी कुणी बोलेना. मग बोलायला लागले. दहा मिनिटांत अख्खा हॉल हात पसरून उभा होता. टक्कल पडलेले सर, निवृत्तीला आलेल्या मॅडम, सगळे. मग मी सांगितलं, ही पद्धत सुनंदाची. ती मोठ्यानं बोलणारी बाई होती. आवाज गेल्यावर तर जास्तच बोलायची.

शेवटी मी एवढंच म्हटलं, "एका गोष्टीत मला तिचं पटत नाही," आणि कोष्टकाचा मुद्दा मांडला.

दौंडचे एक सर ताडकन उठले. "तुमचं चूक आहे, मॅडम. त्यांचंच बरोबर आहे." त्यांच्यामागं दुसरे उठले, "अहो, बोर्डाच्या पेपराचं काय?" एक मॅडम म्हणाल्या, "दोन्ही चूक, दोन्ही एकदम घ्यायला पाहिजे." सुनंदा, पाच मिनिटांत हॉलचे दोन तट पडले. कुणी फळ्याकडे धावलं, कुणी माझा लॅपटॉप ओढला, आयोजक हात जोडून चहा घ्या, चहा घ्या म्हणत होते आणि कुणी घेईना. मी एका कडेला उभी राहिले. कितीतरी दिवसांनी मला मोकळा श्वास आला.

त्यातले तिघं सोमवारी आपल्या शाळेत वर्ग बघायला येणार आहेत. ते दौंडचे सर पहिले. येऊन माझं चूक सिद्ध करतो म्हणाले. मी म्हटलं, जरूर या, एकच अट आहे. मागच्या बाकावर बसायचं, आणि मुलांनी कितीही चुकीचं सांगितलं तरी तोंडातून उत्तर काढायचं नाही.